नवीन सायकियाट्रिस्टने चालू गोळी एकदम बंद केली तर : भांडण गोळीवरून नको, स्पीडवरून करा

आधी माझं सांगते, थोडक्यात सांगायचा प्रयत्न करते पण होईल असं वाटत नाही.

मी बँकेत आहे. मागच्या वर्षी सांगलीहून ठाण्याला बदली झाली. सांगलीत चार वर्षं एकाच डॉक्टरांकडे जात होते अँक्झायटी आणि पॅनिकसाठी, रात्री एक गोळी आणि सकाळी एक बारकी गोळी, आणि त्यावर सगळं नीट चाललं होतं, म्हणजे कॅशला बसत होते, मुलाच्या शाळेच्या मीटिंगला जात होते, लिफ्टमध्ये एकटी चढत होते. ज्यांना पॅनिक झालंय त्यांना लिफ्टचं कौतुक कळेल. ठाण्यात आल्यावर नवीन डॉक्टर शोधले, फाईल दिली, त्यांनी पाच मिनिटांत फाईल चाळली आणि म्हणाले, मॅडम, ही सवय लागणारी गोळी आहे, चार वर्षं कशी काय घेताय, सकाळची आजपासून बंद आणि रात्रीची मी बदलून देतो. मी मान डोलावली. आपल्याला डॉक्टरांसमोर मान डोलवायची सवयच असते, काय विचारायचं होतं ते रिक्षात बसल्यावर आठवतं.

पहिले तीन दिवस काहीच नाही. मी खूश, सासूबाई तर माझ्यापेक्षा खूश, "अगं सुटली ना एकदाची गोळी, बरंच झालं की." चौथ्या रात्री डोळ्याला डोळा नाही. पाचव्या दिवशी काउंटरवर हात थरथरायला लागले, नोटा मोजायच्या मशीनचा आवाज डोक्यात खिळे ठोकल्यासारखा, ट्यूबलाईटचा उजेड सहन होईना, घाम, छातीत धडधड. मला वाटलं संपलं, जुनं दुखणं परत आलं, चार वर्षं पाण्यात गेली. पण उजेड आणि आवाज सहन न होणं हे मला आधी कधीच झालं नव्हतं, अगदी पहिल्या पॅनिकच्या वेळीही नाही, आणि इथेच मला जरा शंका आली.

त्यानंतर मी जे काय केलं, जे चुकलं आणि जे जमलं ते सगळं खाली लिहितेय. मी डॉक्टर नाही. डोस वगैरे माझ्यावरून ठरवू नका, पण डॉक्टरांकडे परत कसं जायचं, काय बोलायचं आणि तोपर्यंत घरी कसं निभवायचं हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर ते नऊ दिवस वाचले असते.

सगळ्यात आधी : हे असेल तर पुढचं वाचत बसू नका

गोळी बंद केल्यावर फिट आली, समोर नसलेलं दिसायला ऐकायला लागलं, आपण कुठे आहोत हे कळेना, खूप ताप आणि बडबड, किंवा जीव द्यायचे विचार येतायत, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. सरळ जवळच्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी, किंवा १०८ ला फोन, आणि जाताना गोळीची स्ट्रिप हातात. कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य हे की "अमुक गोळी अमुक तारखेला एकदम बंद झाली". हे नाही सांगितलं तर ते ईसीजी काढून, अ‍ॅसिडिटी आहे म्हणून घरी पाठवतात, हे माझ्या नणंदेच्या बाबतीत झालेलं आहे.

ज्यांना आधी कधी फिट आलीय, ज्यांचा डोस मोठा आहे, किंवा रोजची दारू आहे त्यांनी तर लक्षणं सुरू व्हायचीही वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

पहिलं काम : स्ट्रिप उलटी करून वाचा

हे मी पाचव्या दिवशी केलं, पहिल्या दिवशी करायला हवं होतं. आपल्याकडे कॉम्बिनेशन गोळ्या इतक्या चालतात की एका गोळीत दोन औषधं असतात आणि आपल्याला चार वर्षं पत्ता नसतो. माझी रात्रीची गोळी म्हणजे एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम आणि क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम, एकत्र. नवीन डॉक्टरांनी "बदलून" दिली ती नुसती एस्सिटालोप्राम १०. रंग वेगळा, कंपनी वेगळी, मला वाटलं ब्रँड बदललाय. सकाळची बारकी गोळी पण क्लोनाझेपामच, ०.२५ ची. म्हणजे मला वाटत होतं बारकी एक गोळी गेली, प्रत्यक्षात रोजचं ०.७५ मिलिग्रॅम क्लोनाझेपाम एका रात्रीत शून्यावर आलं होतं.

तर ब्रँडचं नाव सोडा, त्याखाली बारीक अक्षरात जे औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम असतं ते वहीत लिहा, जुन्या स्ट्रिपचं आणि नव्या स्ट्रिपचं शेजारी शेजारी. ब्रँडच्या नावाच्या शेवटी प्लस वगैरे काही लागलेलं असेल तर बहुतेक वेळा दुसरं काहीतरी आत असतं. धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल देतात ते पण क्लोनाझेपाम किंवा एटिझोलामबरोबर एकत्र मिळतं. जुनी स्ट्रिप फेकली असेल तर जुन्या केमिस्टला फोन करा, त्याच्या कॉम्प्युटरमध्ये बिलं असतात. माझ्या सांगलीच्या केमिस्टने दोन मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला.

नक्की कुठल्या जातीची गोळी बंद झालीय त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम, डायझेपाम ही एक जात, बेन्झो म्हणतात त्यांना, एटिझोलाम पण कामाच्या बाबतीत त्यांच्यातलाच. या एकदम बंद करणं सगळ्यात धोक्याचं. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन ही दुसरी जात, अँटीडिप्रेसंट म्हणतात ती, त्या एकदम सोडल्या तर चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात करंट मारल्यासारखं होणं, त्यातही पॅरोक्सेटिन जास्त त्रास देते कारण ती शरीरातून लवकर निघून जाते. प्रोप्रॅनोलॉल एकदम सोडलं तर हृदयाचे ठोके उसळतात, बीपी आणि हार्टवाल्यांनी तर अजिबात स्वतःहून थांबवू नये. बाकी मी जास्त बेन्झोबद्दलच बोलणार आहे कारण मला तेच माहितीय आणि नवीन डॉक्टरांची कात्री बहुतेक वेळा तिथेच चालते.

हे का होतं

आमच्याकडे कामाला मावशी येतात. चार वर्षं भांडी त्याच घासतात, त्यामुळे आपली सवय गेलेली असते. उद्यापासून येणार नाही असं त्यांनी सकाळी सांगितलं तर संध्याकाळपर्यंत सिंक भरतं. आपल्याला भांडी येत नाहीत अशातला भाग नाही, पण हात बसायला वेळ लागतो. मेंदूत शांत करणारं एक रसायन असतं, गाबा नावाचं, बेन्झो त्याचा जोर वाढवते. रोज बाहेरून मदत येतेय म्हटल्यावर मेंदू आपली स्वतःची यंत्रणा ढिली करतो. मदत एकदम गेली की मेंदू उघडा पडतो, म्हणून उजेड, आवाज, हात थरथरणं, झोप उडणं. मावशींनी रोज येऊन थोडी थोडी भांडी कमी करत काम सोडलं असतं तर सिंक भरलं नसतं.

आणि तीन दिवस काही झालं नाही आणि चौथ्या दिवशी का झालं, याचंही कारण आहे. क्लोनाझेपाम शरीरातून सावकाश जातं, अर्धं व्हायलाच साधारण ३० ते ४० तास लागतात. अल्प्राझोलाम त्यापेक्षा खूप लवकर, ११ तासांच्या आसपास, म्हणून अल्प्राझोलामवाल्यांना दुसऱ्याच दिवशी जाणवतं. "तीन दिवस झाले, काही नाही, सुटली" असं आनंदाने घरात जाहीर करायची घाई करू नका.

जुनं दुखणं परत आलं की गोळी सुटल्याचा त्रास आहे, हे ओळखायला तारखा लागतात. बंद केल्यापासून काही दिवसांत सुरू झालं, आधी कधी नव्हती अशी लक्षणं आहेत (उजेड-आवाज, स्नायू उडणं, तोंडाची चव जाणं, अंगावर मुंग्या), लाटेसारखं येतं आणि जातं, तर सुटल्याचा त्रास असण्याची शक्यता जास्त. काही आठवड्यांनी हळूहळू तीच जुनी भीती, तेच जुने विचार, तर दुखणं परत येतंय असं असू शकतं. दोन्ही एकत्र पण असू शकतं. शेवटी ठरवणार डॉक्टर, पण तारखा तुमच्याकडेच असणार.

डॉक्टर बरोबर असू शकतात, हे पण पचवा

मला याला वेळ लागला. मी त्या डॉक्टरांना मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की विचारू नका. पण नंतर शांतपणे वाचलं तेव्हा लक्षात आलं की माणूस उगाच नाही बोलला. ब्रिटनमध्ये १९८८ मध्येच औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी कमिटीने सांगितलं होतं की या गोळ्या दोन ते चार आठवड्यांपुरत्याच वापराव्यात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, २०२० मध्ये या सगळ्या जातीवर सगळ्यात कडक प्रकारची वॉर्निंग छापायला लावली, सवय, अवलंबून राहणं आणि सोडतानाचा त्रास यासाठी. आपल्याकडे अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोप यायची झोल्पिडेम हे २०१४ पासून शेड्यूल एच वन मध्ये आहेत, केमिस्टला वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिली हे लिहावं लागतं आणि ते रजिस्टर तीन वर्षं ठेवावं लागतं. त्यामुळे नवीन शहरातला केमिस्ट जुन्या चिठ्ठीवर देत नसेल तर त्याच्यावर डाफरू नका.

आणि काही माणसांच्या बाबतीत थांबवायचं कारण खरंच मोठं असतं. वय साठ-पासष्टच्या पुढे असेल तर पडून हाड मोडायची भीती, विसरभोळेपणा वाढतो. झोपेत श्वास अडकतो, दमा किंवा फुप्फुसाचा आजार आहे, ट्रॅमाडॉलसारखी पेनकिलर चालू आहे, कोडीनवालं कफ सिरप, दारू, मूल होऊ द्यायचंय, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांचा हात आखडणारच.

पण. गोळी बंद करायची की नाही हा एक प्रश्न आहे आणि ती कशी बंद करायची हा दुसरा प्रश्न आहे. आपण घाबरून दोन्हीवर एकदम भांडतो, "मला ती गोळी पाहिजेच", आणि ते वाक्य ऐकलं की समोरच्या डॉक्टरच्या डोक्यात लाल दिवा लागतो, बघा, सवय लागलीच आहे. पहिल्या प्रश्नावर तुम्ही हरू शकता. दुसऱ्या प्रश्नावर शास्त्र तुमच्या बाजूने आहे. इंग्लंडात न्यूकॅसलला डॉ. हेदर अ‍ॅश्टन यांनी १९८२ ते १९९४ फक्त या गोळ्या सोडवण्यासाठी क्लिनिक चालवलं, त्यांचं सगळं सांगणं हेच की हळू, पेशंटच्या चालीने. आणि २०२५ मध्ये अमेरिकेतल्या व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांच्या संघटनेने बाकीच्या संघटनांना घेऊन जी गाईडलाईन काढली त्यात म्हटलंय की शरीर अवलंबून असायची शक्यता असेल तर एकदम थांबवू नये, सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के कमी करायचा विचार करावा, आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांपेक्षा जास्त तर नकोच.

म्हणून टायटल असं दिलंय.

परत जायच्या आधी एक पान लिहा

पुढची तारीख महिन्याने दिली असेल तरी थांबू नका, क्लिनिकला फोन करा आणि रिसेप्शनला "गोळी बंद केल्यापासून त्रास होतोय, या आठवड्यात दाखवायचंय" एवढंच सांगा. सगळी कहाणी रिसेप्शनवर सांगायची गरज नाही, तिथे बाकीचे बसलेले असतात.

मग एक पान. एकच, कारण दोन झाली की कोणी वाचत नाही. मी माझं बँकेच्या सवयीने रकाने पाडून लिहिलं. कोणतं औषध, किती मिलिग्रॅम, किती वाजता, कधीपासून. गोळी सुरू व्हायच्या आधी अवस्था काय होती, इथे "खूप त्रास होता" असं न लिहिता "आठ महिने लिफ्ट आणि लोकल बंद, दोन वेळा कॅज्युअल्टी" असं लिहा. आधी काय काय करून बघितलं आणि त्याचं काय झालं, मला सर्ट्रालिनने पोट बिघडलं होतं ते लिहिलं. चार वर्षांत डोस वाढला का, मी लिहिलं वाढला नाही, आणि हे फार महत्त्वाचं कारण डॉक्टरांना तीच भीती असते. बाकीच्या गोळ्या, थायरॉइड बीपी सगळं. दारू किती, खरी. आणि शेवटी बंद झाल्यापासून रोजची ओळ, तारीख, झोप किती तास, त्रास दहापैकी किती, काय झालं. माझी ओळ अशी होती, "दिवस ५, झोप २ तास, त्रास ८, काउंटरवर हात थरथरले, मॅनेजरने घरी पाठवलं."

हे लिहिताना गोळीचे तोटे पण लिहा हां. मला सकाळी नऊपर्यंत डोकं जड असायचं, नावं पटकन आठवायची नाहीत, ते मी लिहिलं. तोटे लिहिणारा पेशंट डॉक्टरला खरा वाटतो. आणि खरंच लिहायला बसल्यावर मलाच कळलं की बरेच तोटे होते.

जुन्या डॉक्टरांकडून समरी मागा. आपले पेपर मागणं म्हणजे उपकार मागणं नाही, मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्ट २०१७ च्या कलम २५ मध्ये आपला रेकॉर्ड बघायचा हक्क दिलाय, आणि मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत मागितल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड द्यावा असं आहे. पण हे कलम फोनवर सुनावू नका उगाच, माझे सांगलीचे डॉक्टर नुसतं "सर, ठाण्याच्या डॉक्टरांना दाखवायला दोन ओळी लिहून द्याल का" म्हटल्यावर लगेच तयार झाले. त्यात त्यांनी निदान, डोस आणि "डोस स्थिर, गैरवापर नाही" हे लिहिलं. ती शेवटची ओळ सोन्याची ठरली.

केबिनमध्ये

सोबत कोणाला तरी न्या, पण जो डॉक्टरांशी भांडेल त्याला नको आणि जो डॉक्टरांच्याच बाजूने मान हलवेल त्याला तर अजिबात नको. मी नवऱ्याला नेलं आणि आधीच सांगून ठेवलं की तू फक्त पाचव्या दिवशी काय बघितलंस तेवढं सांग.

पान हातात द्या आणि साधारण असं बोला, मी जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते, "डॉक्टर, गोळी बंद करायला माझी ना नाही. पण एकदम बंद झाल्यावर हे हे झालं. आपण हळूहळू कमी करूया का? तुम्ही सांगाल तसं, पण टप्प्याटप्प्याने." बस्स. यात "ना नाही" हे पहिलं हवं. पुढचं सगळं त्यावर चालतं.

मग विचारायचं, कारण काय आहे माझ्या बाबतीत बंद करायचं, वय, दुसरं औषध, की नियम म्हणून. कमी करताना त्रास झाला तर त्या टप्प्यावर थांबायचं की मागे जायचं. गोळीच्या जागी काय, म्हणजे दुसरं औषध, की काउन्सेलिंग, सीबीटी (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी). रात्री त्रास वाढला तर कोणाला फोन. पुढची तारीख कधी, कारण गोळी कमी करताना दोन महिन्यांनी या म्हणणं बरोबर नाही. उत्तरं तिथेच लिहून घ्या, मराठीत सांगा म्हणायला लाजू नका, आपल्याला समजेल अशा भाषेत उपचारांची माहिती मिळणं हे पण त्याच कायद्यात आहे.

नवीन गोळी दिली तर एक गोष्ट नक्की विचारा, ही कधीपासून काम करणार. एस्सिटालोप्रामसारख्या गोळ्यांना चार ते सहा आठवडे लागतात आणि पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांत उलट बेचैनी वाढू शकते. जुनी आज बंद आणि नवी दीड महिन्याने लागू, तर मधले दिवस कोणाच्या भरवशावर, हा प्रश्न अगदी साधा आहे आणि डॉक्टरांनाही पटतो.

काय बोलू नये ते पण सांगते कारण यातलं एक मी पहिल्यांदा बोलून बसले होते. "आमचे जुने डॉक्टर फार चांगले होते." "मी गुगलवर वाचलंय." "ही गोळी नाही दिली तर मी काय करीन सांगता येत नाही", म्हणजे खरंच जिवाचे विचार असतील तर ते स्पष्ट शब्दांत सांगाच, लपवू नका, पण गोळी मिळवायला धमकी म्हणून नको, मग खऱ्या वेळी कोणी धरत नाही.

माझ्या डॉक्टरांनी पान वाचलं, दोन मिनिटं गप्प होते, मग म्हणाले की कॉम्बिनेशनमधलं पण निघालं हे मी तुम्हाला नीट सांगायला हवं होतं. मला एवढं पुरलं. त्यांनी क्लोनाझेपाम वेगळं लिहून परत जुन्या डोसवर आणलं, तीन आठवडे तिथेच ठेवलं आणि मग महिन्याला थोडं थोडं. कॉम्बिनेशन गोळीत एकातलं कमी करता येत नाही हा अजून एक मुद्दा, कमी करायचं असेल तर दोन्ही औषधं सुटी लिहून मागा.

ऐकलंच नाही तर

असंही होतं. "मी सांगतो तसं करा नाहीतर दुसरीकडे जा." मग खरंच दुसरीकडे जा. रागाने गोळी सोडून घरी बसू नका. सगळ्यात जवळचा रस्ता म्हणजे जुने डॉक्टर किंवा तुमचे फॅमिली डॉक्टर, नवीन जागा मिळेपर्यंत कमी करायचा आराखडा ते लिहून देऊ शकतात. व्हिडिओ कॉलवर या जातीच्या गोळ्या लिहून द्यायला बंधनं आहेत, त्यामुळे ऑनलाइन दहा डॉक्टर शोधण्यात रात्र घालवू नका. जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलला, मेडिकल कॉलेजला सायकियाट्रीची ओपीडी असते. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला आहे, त्यांच्या ओपीडीत नुसतं दाखवायला गेलं तर कोणी भरती करून घेत नाही, ही भीती आमच्या घरात पण होती. रांग असते, सकाळी लवकर जा, डबा न्या.

तिथे गेल्यावर आधीच्या डॉक्टरांचं पान लपवू नका. दोन डॉक्टरांकडून एकाच वेळी गोळी घेतली आणि ते कळलं तर तुमच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

आणि रात्री दोन वाजता काही सुचत नसेल तर टेली-मानस, १४४१६, केंद्र सरकारची हेल्पलाईन, २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. गोळी लिहून घ्यायला म्हणून नका करू, पण बोलायला आणि आता कुठे जायचं हे विचारायला करा. मी एकदा केला होता, पलीकडची मुलगी विदर्भातली असावी, "ताई, आधी पाणी पिऊन घ्या" म्हणाली, आणि मी रडायलाच लागले.

तोपर्यंत घरी

शेजारच्या काकूंची, आत्याची, ऑफिसमधल्या कोणाची गोळी घेऊ नका. घरात जुन्या गोळ्या शिल्लक असतील आणि बंद होऊन बरेच दिवस झाले असतील तर जुना पूर्ण डोस स्वतःच्या मनाने परत सुरू करू नका, मधल्या काळात शरीराची सवय उतरलेली असते आणि ती गोळी जड पडू शकते, डॉक्टरांना फोन करून विचारा. दारूने झोप येते म्हणून एक पेग, हे तर नकोच, बेन्झो आणि दारू एकाच ठिकाणी मारा करतात. अश्वगंधा, झोपेची चूर्णं, होमिओपॅथी, जे काय चालू करायचं ते डॉक्टरांना सांगून.

चहा कमी करा पण तोही एकदम बंद नको, नाहीतर डोकेदुखी आणि तीही गोळीच्या नावावर. मी पाचाचे दोन केले, दुपारनंतर नाही. जेवण वेळेवर, कारण पोट रिकामं असलं की थरथर वाढते आणि आपण घाबरतो. श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ, चारच्या अंकापर्यंत आत आणि सहा-सातच्या अंकापर्यंत बाहेर, पाच मिनिटं. खरं सांगू, याने गोळीसारखं होत नाही. आठचा त्रास सहावर येतो. पण आठ आणि सहामधला फरक काउंटरवर बसलेल्यालाच कळतो.

स्कूटर त्या दिवसांत चालवू नका. घरात एका माणसाला नीट समजावून सांगा, सगळ्यांना नको. सासूबाईंना मी मावशींच्या भांड्यांचंच उदाहरण दिलं आणि त्यांना ते इतकं पटलं की आता त्या सोसायटीतल्या बायकांना सांगत असतात, माझं नाव घेऊन, ते जरा नको होतं. ऑफिसमध्ये "औषध बदललंय, दोन आठवडे त्रास होईल" एवढं पुरतं, कुठलं औषध हे सांगायची गरज नाही. मी मॅनेजरना सांगून तेवढे दिवस कॅश सोडून मागे बसले.

आणि इंटरनेटवर लोकांच्या भयानक कहाण्या रात्री वाचत बसू नका. ज्याचं नीट सुटलं तो लिहायला येत नाही. हे मी, आता लिहितेय, मला कळतंय.

कमी करताना

सुरुवातीच्या कपाती सोप्या जातात, शेवटच्या अवघड, कारण ०.७५ मधून ०.१२५ काढणं आणि ०.२५ मधून ०.१२५ काढणं यात फरक आहे, एकात सहावा हिस्सा जातो आणि दुसऱ्यात निम्मा. म्हणून शेवटी टप्पे अजून बारीक करायला सांगा. तोंडात विरघळणारी गोळी तोडताना भुगा होतो, साधी गोळी आणि मेडिकलमध्ये मिळणारा गोळी कापायचा कटर घ्या, ब्लेडने कापताना अर्धी गोळी फ्रिजखाली गेलेली आहे माझी. एक दिवसाआड घेऊन कमी करूया असं स्वतःच ठरवू नका, त्याने रोज वरखाली होतं. परीक्षा, लग्न, मार्च एंडिंग यांच्या तोंडावर कपात नको, तसं डॉक्टरांना सांगितलं की ते महिना पुढे ढकलतात. माझा मार्च तसाच गेला, गोळी जिथल्या तिथे.

वही चालू ठेवा. त्रास तीनचा चार झाला तर लगेच घाबरायचं नाही, आठवडाभर बघायचं. सातवर गेला तर फोन.

मी आता सकाळची सोडलीय आणि रात्री ०.२५ ची अर्धी घेते. नऊच्या आधीच डोकं उघडतं, नावं आठवतात. मागच्या आठवड्यात दोन रात्री झोप मोडली, का ते कळलं नाही, वहीत लिहून ठेवलंय. १४ तारखेला अपॉइंटमेंट आहे, तीन प्रश्न लिहिलेत, चौथा लिफ्टमध्ये सुचला होता तो वर येईपर्यंत विसरले.